पूल एक, सूचना चार : कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातलं प्रकरण

गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पावसाळ्यात पूल बंद झाल्यावर लोकांपर्यंत काय, कसं आणि कुणी पोचवायचं, एवढ्यापुरतंच हे प्रकरण मांडलं आहे.

पार्श्वभूमी

तालुक्याचं गाव. नगरपंचायत, एसटीचं आगार, ग्रामीण रुग्णालय, ज्युनिअर कॉलेज आणि आठवडी बाजार, सगळं नदीच्या एका काठाला. दुसऱ्या काठाला वाड्यावस्त्या आणि लहान गावं. दोन्ही काठ जोडणारा दगडी कमानींचा जुना पूल, एका वेळी एकच मोठी गाडी जाईल इतका अरुंद. एसटी स्टँडपासून पूल दोन किलोमीटरवर आणि पलीकडचं शेवटचं गाव आठ किलोमीटरवर. पूल टाळायचा तर वरच्या अंगाच्या नव्या पुलावरून घाट चढून-उतरून यावं लागतं. ते अंतर २९ किलोमीटर, आणि पावसात त्याला सव्वा तास लागतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सलग पाऊस झाला. पाणी उतरल्यावर मधल्या एका खांबाच्या पायाजवळची भर वाहून गेलेली दिसली, दर्शनी बाजूचे दगडही निसटले होते. बांधकाम खात्याच्या उपअभियंत्यांनी पाहणी केली आणि जड वाहनं बंद करावीत असं पत्र त्याच दुपारी तहसीलदारांना दिलं. त्यावर कुणी वाद घातला नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. तेव्हापासून असं पत्र टेबलावर आलं की कोकणात सही लवकर होते.

म्हणजे बंदीचा निर्णय बरोबर होता आणि वेळेवरही झाला. घोळ झाला तो सांगण्यात.

अडचण

पहिल्या दोन दिवसांत चार ठिकाणांहून चार सूचना निघाल्या.

तहसील कार्यालयाच्या आदेशात ‘जड वाहनांस बंदी’ होती, पण जड म्हणजे काय ते नव्हतं. दुधाचा टेम्पो जड की हलका? शाळेची मिनीबस? आदेश दोन पानांचा. त्यातलं पाऊण पान संदर्भ आणि ‘प्रत माहितीस्तव’ची यादी. कामाचं वाक्य दुसऱ्या पानावर, तेही स्कॅन केलेलं. व्हॉट्सअॅपवरून तीन हात फिरून आल्यावर साध्या मोबाइलवर त्यातलं अक्षर लागत नव्हतं.

पुलाच्या तोंडाशी जो फ्लेक्स लागला त्यावर ‘सर्व वाहनांस बंद’ असं छापलं गेलं. मजकूर फोनवरून सांगितला होता. छपाईवाल्याने घाईत जे ऐकलं ते लावलं. आगाराच्या फळ्यावर खडूने ‘पुलावरील सर्व फेऱ्या रद्द’ असं लिहिलं होतं. खरं तर निम्म्या फेऱ्या लांबच्या रस्त्याने चालू होत्या, पण ‘पुलावरील’ या शब्दात तो फरक लपून गेला. नगरपंचायतीची भोंग्याची रिक्षा फिरत होती. ती फक्त ‘पूल बंद आहे, नागरिकांनी सहकार्य करावे’ एवढंच म्हणत होती.

त्याचे परिणाम लगेच दिसले. चालत जायला परवानगी असूनही पलीकडची म्हातारी माणसं दोन दिवस दवाखान्यात आली नाहीत. पास असलेली कॉलेजची मुलं स्टँडवर ताटकळली. लांबच्या रस्त्याची गाडी कोणत्या फलाटावर लागते ते कुणी सांगितलं नव्हतं. रेशनच्या धान्याचा दहाचाकी ट्रक थेट पुलाच्या तोंडापर्यंत आला आणि त्याला वळायला जागाच नव्हती. मागे लागलेल्या रिक्षा-दुचाक्या हटवत त्याला फाट्यापर्यंत रिव्हर्स न्यावं लागलं, त्यात दोन तास रस्ता अडला.

तिसऱ्या दिवशी गावच्या ग्रुपवर पूल खचतानाचा एक व्हिडिओ आला. तो या पुलाचा नव्हताच. कठड्याकडे पाहिलं तर लगेच कळलं असतं, पण घाबरलेला माणूस कठडा पाहत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ खाली खोटा इशारा पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि गुन्हा दाखल करावा असं काहींचं म्हणणं होतं. पोलिसांनी ते केलं नाही, आणि बरं केलं. कारण खरी सूचना कोणती हे दाखवायला त्या वेळी प्रशासनाकडे एकही धड कागद नव्हता.

कोणते पर्याय होते

चौथ्या दिवशी तहसीलदारांच्या दालनात बैठक झाली. आगार व्यवस्थापक, बांधकामचे शाखा अभियंता, नगरपंचायतीचे मुख्याधिकारी, पोलीस आणि पलीकडचे दोन सरपंच होते.

पूल सगळ्यांनाच बंद करणं सांगायला सर्वांत सोपं होतं, पण पलीकडची गावं त्याने तुटली असती. दुचाकी, रिक्षा, कार आणि पायी चालणाऱ्यांना पूल मोकळा ठेवायला अभियंत्यांची हरकत नव्हती, मात्र दोन अटींवर : उंच गाडी आत शिरणार नाही अशी अडसर कमान उभी करायची आणि पाणी ठरावीक पातळीला लागलं की पूल पूर्ण बंद करायचा.

खरी चर्चा एसटीवर झाली. सगळ्या फेऱ्या लांबून वळवल्या तर एका गाडीच्या दिवसभरात जेमतेम निम्म्या फेऱ्या होतात आणि फेरीमागे डिझेल मात्र तिपटीने जळतं. दुसरा मार्ग बदलीचा : अलीकडची गाडी पुलापर्यंत, लोकांनी पूल चालत ओलांडायचा, पलीकडे दुसरी गाडी. त्यासाठी एक गाडी कायम पलीकडे ठेवावी लागते, आणि अडचणी तिथेच सुरू होतात. डिझेल पंप अलीकडे, वर्कशॉप अलीकडे, चालक-वाहकांची घरंही अलीकडे. शिवाय मोठी बस वळवायला ऐसपैस, पक्की जागा लागते. शाळेचं मैदान होतं, पण जुलैत मैदानात बस घालायची म्हणजे संध्याकाळी ट्रॅक्टरने ओढून काढायची.

शेवटी पुलापलीकडच्या एका भातगिरणीचं काँक्रीटचं आवार मिळालं. म्हणून बदलीची योजना ठरली आणि सकाळी व दुपारी एकेक फेरी लांबून सोडायची, ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी. पलीकडची गाडी तिथेच वस्तीला राहील. दर तिसऱ्या दिवशी रात्रीची शेवटची फेरी झाल्यावर ती लांबून आगारात येईल, डिझेल आणि तपासणी करून पहाटे परत जाईल. कर्मचाऱ्यांच्या झोपण्याची सोय ग्रामपंचायतीने केली.

मुदतीचा मुद्दा सरपंचांनी काढला. आदेशात ‘पुढील आदेशापर्यंत’ होतं, आणि या दोन शब्दांवर ना लग्नाची तारीख धरता येते ना गवंड्याला वाळू सांगता येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ प्रमाणे वाहतूकबंदी एक महिन्याच्या आतली असेल तर राजपत्रात छापावी लागत नाही, परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी मात्र द्यावीच लागते. ही तरतूद बहुतेक ठिकाणी राजपत्रातून सूट म्हणून वाचली जाते. इथे तिचा दुसरा अर्धा भाग वाचला गेला. आदेश पंधरा दिवसांचा करायचा आणि दर वेळी पाहणी करून वाढवायचा असं ठरलं.

काय केलं

पहिलं काम, मजकूर एका हातात दिला. सही नायब तहसीलदारांची, पण लिहायचं आगाराच्या वाहतूक नियंत्रकाने. चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्याला लोक काय विचारतात ते ठाऊक असतं. त्याने एका दिवसात विचारले गेलेले प्रश्न वहीत उतरवून घेतले. ‘चालत जाता येतं का’, ‘शेवटची गाडी किती वाजता’ आणि ‘पास चालेल का’ हे तीन प्रश्न सोडले तर बाकीचे फुटकळ निघाले. या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर आधीच्या चार सूचनांत नव्हतं.

मग क्रमांक घातलेल्या सूचना निघू लागल्या. त्यांतली एक अशी :

*सूचना क्र. ३. मंगळवार, सायंकाळी ५ वाजता. याआधीच्या सर्व सूचना रद्द.*
*पुलावरून चालू : पायी, दुचाकी, रिक्षा, कार.*
*पुलावरून बंद : बस, मिनीबस, ट्रक, टँकर, डंपर, माल भरलेला टेम्पो.*
*एसटी : स्टँड ते पूल दर अर्ध्या तासाला, फलाट २. पूल चालत ओलांडा. पुढची गाडी भातगिरणीतून.*
*शेवटची गाडी स्टँडवरून संध्याकाळी ७.१५.*
*चालता येत नाही त्यांच्यासाठी लांबच्या रस्त्याची गाडी : सकाळी ८.०० व दुपारी ४.३०, फलाट ४.*
*तिकीट एकच. पास दोन्ही गाड्यांत चालेल.*
*खांबावरच्या लाल रेषेला पाणी लागलं की पूल सगळ्यांना बंद.*
*पुढची सूचना शुक्रवारी सायंकाळी ५ वाजता, बदल नसला तरी.*

शेवटची ओळ सर्वांत कामाची ठरली. पुढची सूचना कधी येणार हे माहीत असलं की मधल्या वेळेत आलेल्या निरोपावर लोक आपणहून शंका घेतात. क्रमांकाचाही तोच उपयोग. ‘तीन नंबरची आलीय का चार?’ असं लोक एकमेकांना विचारू लागले. खचलेल्या पुलाच्या व्हिडिओला वेगळं उत्तर द्यावंच लागलं नाही.

‘तिकीट एकच’ ही ओळ वाचायला साधी आहे, तिच्यामागे मात्र दोन दिवस गेले. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने आकारलं जातं. स्टँडपासून सहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला आधी एक टप्पा पडायचा. प्रवास पुलाशी तुटला की दोन तिकिटं, म्हणजे दोन टप्पे, अर्थात दुप्पट भाडं. आठ किलोमीटरवरच्याला मात्र आधीही दोन आणि आताही दोनच. जवळच्याला भुर्दंड आणि लांबच्याला काहीच नाही, असा उलटा हिशोब. पहिल्या गाडीत पूर्ण प्रवासाचं तिकीट द्यायचं आणि दुसऱ्या गाडीत ते ग्राह्य धरायचं असं ठरलं, पण वाहक तयार होईनात. त्यांचं खरं होतं. दुसऱ्या गाडीत माणसं चाळीस आणि त्या वाहकाच्या मशीनवर तिकिटं दहा. मधेच तपासणी पथक चढलं तर अहवाल वाहकावर जातो. विभागाकडून तसं लेखी पत्र आणून त्याची प्रत दोन्ही गाड्यांत ठेवली, तेव्हा योजना चालू झाली. तोंडी सूचनेवर असली कामं होत नाहीत.

सूचना कुठे लावायची यावर फार डोकं चालवावं लागलं नाही : स्टँड, पुलाची दोन्ही टोकं, प्रत्येक गावचा थांबा, रेशन दुकान, दूध संकलन केंद्र. कशी लावायची हे मात्र पहिल्या आठवड्यात चुकलं. ए-थ्री कागद लॅमिनेट करून पाठवले आणि दोन दिवसांत पाणी शिरून शाई पसरली. कारण दुकानदाराने प्लास्टिक कागदाच्या कडेला लागून कापलं होतं आणि खिळा कागदातूनच ठोकला होता. चारही बाजूंनी किमान एक सेंटिमीटर रिकामं प्लास्टिक सोडायचं आणि भोक त्या पट्टीतच पाडायचं, मग तोच कागद पंधरा दिवस पावसात टिकतो. मजकूर छापायचा तो लेझर प्रिंटरवर. इंकजेटची शाई दमट हवेतही फुटते.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पोलीस पाटील आणि कोतवाल यांच्याकडून दवंडी दिली. मोबाइलवर फोटोसोबत तोच मजकूर टाइप करून आणि पाऊण मिनिटाचा आवाजी निरोप असा तिहेरी पाठवला. आवाज अंगणवाडी ताईंचा, गावच्याच बोलीत. पलीकडच्या बायकांच्या बचत गटांमध्ये कागदाआधी हा निरोप पोचत असे.

वाहनचालकांसाठी पुलाशी फलक लावून काही उपयोग नव्हता, हे रेशनच्या ट्रकने दाखवलंच होतं. मुख्य रस्त्याच्या फाट्यावर एक आणि त्याच्या २०० मीटर आधी एक, असे दोन्ही दिशांना फलक लावले. अक्षराची उंची १५० मिलिमीटर. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर कापते. ६० मीटरवरून अक्षर दिसलं तर चालकाला वाचायला चार सेकंद मिळतात, त्यात चार-पाचच शब्द बसतात. म्हणून ‘बस-ट्रक पूल बंद, सरळ जा’ एवढंच लिहिलं. अधिकाऱ्यांची नावं आणि बोधचिन्हं काढून टाकली. त्यावरून थोडी नाराजी झाली.

अडसर कमान हा या प्रकरणातला सर्वांत अवघड तुकडा. पहिली बांबूची होती, ती टपावर सामान लादलेल्या पिकअपने एका दिवसात पाडली. दुसरी लोखंडी पाइपची, २.४ मीटर उंच, आणि तिच्या काही मीटर आधी दोरखंडावर लटकवलेल्या साखळ्या. गाडी उंच असेल तर आधी साखळ्या टपावर वाजतात आणि चालक थांबतो. ही पक्की झाली. इतकी पक्की की एका रात्री पलीकडच्या गावात निघालेली १०८ ची रुग्णवाहिका तिच्यासमोर थांबली. ट्रॅव्हलर बनावटीची रुग्णवाहिका दिव्यासकट २.४ मीटरमध्ये बसत नाही. पेशंटला कारमधून अलीकडे आणावं लागलं. दुसऱ्या दिवशी कमानीचा आडवा पाइप एका बाजूला बिजागरीवर घेतला आणि दुसरीकडे कुलूप घातलं. एक किल्ली पहाऱ्यावरच्या होमगार्डकडे, एक रुग्णवाहिकेच्या चालकाकडे. एका वेळी एकच गाडी, ताशी दहाच्या वेगाने, असं अभियंत्यांनी लिहून दिलं.

पहारा लावण्यावरून खर्चाची कुरकुर होती. फलक लावला, कमान लावली, माणूस कशाला? जून २०२५ मध्ये मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, तिथे धोक्याचा फलक होता आणि तरी पुलावर गर्दी होती. लाल रेषेचंही तसंच आहे. रात्री दोन वाजता रेषेला पाणी लागलं तर ते पाहणार कोण आणि साखळी ओढणार कोण, याचं नाव ठरलेलं नसेल तर रेषा नुसती रंगवलेली राहते. रात्री दोन होमगार्ड, खांबावर प्रकाश पडेल असा एक दिवा आणि बंद करण्याचा अधिकार पहाऱ्यालाच, वर फोन न करता. हे तीन मुद्दे पोलिसांनी धरून ठेवले.

गणपती

सगळी घडी बसली होती ती चाकरमान्यांना माहीत नव्हती. मुंबईहून येणाऱ्या खासगी बस मोबाइलचा नकाशा पाहून येतात, आणि नकाशावर फक्त मोठ्या गाड्यांना पूल बंद दाखवायची सोय नाही. पूल बंद म्हणून नोंदवला तर कारवालेही २९ किलोमीटरला जातात. ती नोंद केली नाही. त्याऐवजी पलीकडच्या प्रत्येक गावाच्या मुंबईतल्या मंडळाला आठ दिवस आधी वेगळी सूचना गेली : गाडी पुलाच्या अलीकडे बाजाराच्या मैदानात थांबेल, सामानाला हातगाड्या आहेत, रिक्षाचं भाडं अमुक. बहुतेक गाड्या मैदानात थांबल्या. ज्या दोन-चार थेट आल्या त्यांना फाट्यावरच्या होमगार्डने वळवलं.

मूर्तींचा प्रश्न मात्र बैठकीत कुणाला आठवलाच नव्हता. गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागा, गावात, घरं पलीकडे, आणि मूर्ती न्यायला सगळ्यांना पिकअपच हवा. सूचनेत ‘माल भरलेला टेम्पो बंद’. मूर्ती माल आहे का, यावर पुलाच्या तोंडाशी हुज्जत झाली. त्याच संध्याकाळी सुधारित सूचना निघाली : पिकअपमध्ये फक्त मूर्ती आणि दोन माणसं, पुलावर एका वेळी एकच गाडी.

काय निष्पन्न झालं

पूल आणखी खचला नाही आणि कुणाला इजा झाली नाही. लाल रेषेमुळे ऑगस्टमध्ये दोनदा पूर्ण बंद करावा लागला, दोन्ही वेळा रात्री. एसटीची बदली योजना शेवटपर्यंत चालली, तरी सकाळच्या पहिल्या गाडीत जागा पुरायची नाही आणि कॉलेजच्या मुलांचा पहिला तास बुडायचा. ज्यादा गाडी मागितली होती, मिळाली नाही. खांबाभोवती जाळीत दगड भरून तात्पुरतं संरक्षण पावसातच दिलं. पायाचं काँक्रीट पाणी ओसरल्यावर झालं आणि हिवाळ्यात बस पुन्हा पुलावरून धावू लागली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला आदेश निघाला त्या दुपारीच आगार व्यवस्थापकांना बोलावलं असतं तर खडूचा फळा आणि आदेश यांत फरक पडला नसता. तालुक्यात आपत्तीच्या बैठका मे महिन्यात होतात आणि त्यांत पूर, दरड, साप, बोटी असं सगळं असतं. पूल बंद झाल्यास एसटी कुठून वळेल आणि वळायला आवार कोणाचं, ही एक ओळ त्याच बैठकीत ठरवता येते. कोणती वाहनं बंद ते वजनात न सांगता लोक ज्या नावाने त्यांना ओळखतात त्या नावाने सांगणं पहिल्या दिवशीच शक्य होतं. कमान उभारण्याआधी रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर आणि गॅस सिलिंडरची गाडी टेपने मोजून घ्यायची, हे काम अर्ध्या तासाचं.

फलक काढण्याचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं. पूल सुरू झाल्यावर फाट्यावरचे मोठे फलक काही आठवडे तसेच राहिले आणि बाहेरगावचे ट्रक फुकट घाटातून फिरत राहिले. गावातल्या थांब्यांवर सूचना क्र. ७ आणि क्र. ११ शेजारी शेजारी लटकत होत्या. लावलेल्या प्रत्येक प्रतीची जागा वहीत लिहायची, नवी सूचना घ्यायला येणाऱ्याने जुनी प्रत सोबत आणायची, आणि ती हातात आल्याशिवाय नवी द्यायची नाही. शेवटची ‘पूल सुरू’ सूचना लावायचीच नाही. तिच्याऐवजी वहीत नोंदलेल्या सगळ्या जागा रिकाम्या झाल्याची सही घ्यायची, फाट्यावरच्या चार फलकांसकट.